मोजले ते वाचले

विजेचे बिल हातात पडले की आपण सगळे आधी एकच आकडा पाहतो, भरायच्या रकमेचा. घरातले कोणीतरी म्हणते, "या महिन्यात जरा जास्तच आले." दोन दिवस दिवे-पंखे बंद करण्याची मोहीम चालते आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. त्याच कागदावर आपण किती युनिट वीज वापरली, हेही छापलेले असते. मागच्या महिन्यांचे आकडेही असतात. तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आज मला बोलायचे आहे ते या न पाहिलेल्या आकड्याबद्दल, आणि त्यासाठी दाखले देणार आहे ते आपल्याच जिल्ह्याच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांतले. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. बोलताना माझ्या तोंडी अजून नगर येते, तेवढे सांभाळून घ्या.

विजेच्या आधी चुलीचा हिशेब पाहू. अकोले तालुक्यातला सह्याद्रीचा भाग सोडला, तर आपला बराचसा जिल्हा अवर्षणप्रवण. पाऊस कमी म्हणून झाडी कमी, आणि झाडी कमी म्हणून सरपणाची टंचाई. माझ्या लहानपणी घरात जळण म्हणजे बाभळीच्या काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. रॉकेल रेशनकार्डावर मोजून मिळायचे, त्यामुळे ते फार जपून वापरले जाई. कंदिलाची वात जरा वर गेली, तरी आजी ओरडायची. सरपण मात्र कोणी मोजत नव्हते. त्याला पैसे पडत नव्हते, म्हणून ते फुकट आहे असा घरातल्या पुरुषमंडळींचा समज होता. प्रत्यक्षात त्याची किंमत आई आणि आजी चुकवत होत्या. मैलभर चालून डोक्यावर मोळी आणायची आणि मग धुरात बसून स्वयंपाक करायचा. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणजे दहा मोळ्या आणल्या, तर नऊ मोळ्यांची उष्णता वाया जाते. हा हिशेब त्या काळी कोणी मांडला असता, तर त्या बायांचे कष्ट कदाचित लवकर कमी झाले असते.

पर्याय नव्हता असे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून दिव्यांसाठी वापरला जात होता. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचा गोबरगॅस संयंत्राचा नमुना तयार केला. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तो देशभर नेला. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय बायोगॅस योजना आली, आणि १९८३ पासून निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. अनुदान होते, प्रचार होता. तरीही अनेक गावांत काही वर्षांतच गोबरगॅसच्या टाक्या कोरड्या पडल्या आणि लोखंडी टोप्या गंजून गेल्या.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते आणि साधारण तेवढेच पाणी. पन्नास किलो शेण म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. असे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले, तर सोळा-सतरा दिवसांत १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतका गॅस देते. पण दुष्काळी गावात उन्हाळा आला की चारा संपतो, जनावरे बाजारात जातात, आणि माणसांना प्यायला पाणी नाही तिथे शेण कालवायला कुठून आणणार? संयंत्र बसवताना जनावरे मोजली नाहीत, पाणी मोजले नाही, की हे असे होते.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे वेगळेपण मला इथे दिसते. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले, त्यानंतर गावात झालेल्या कामांची माहिती सर्वांना आहे. गोबरगॅस, सार्वजनिक शौचालयांना जोडलेले सामुदायिक गॅस संयंत्र, रस्त्यावरचे सौरदिवे पाहायला देशभरातून माणसे आली. पण पाहुण्यांनी संयंत्राचे फोटो काढले, तेव्हा त्यामागचा क्रम बऱ्याच जणांच्या लक्षात आला नसावा. गावाने आधी ओढ्या-नाल्यांवर पाणी अडवले आणि चराईला बंदी घातली. पाणी मुरले, चारा वाढला, जनावरे टिकली आणि मग शेण मिळाले. गॅस ही या साखळीतली शेवटची कडी. ती एकटीच उचलून दुसऱ्या गावात नेली, तर चालत नाही.

आता विजेकडे वळू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगावी खांब आले. आपल्या जिल्ह्यात त्यात एक आगळा प्रयोग झाला, तो नव्या पिढीला फारसा ठाऊक नाही. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना १९६९ ची. त्या सुमारास अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर भारतात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था काढायचे ठरले. गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुकेरी, आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात आपली मुळा-प्रवरा. श्रीरामपूर, राहुरी परिसरातील शेकडो गावांना वीज पुरवणारी ही संस्था तिथल्या ग्राहकांच्याच मालकीची. १९५० साली ज्या भागात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे विजेचाही सहकार व्हावा हे ओघानेच आले. घरात दिवा आला, पिठाची गिरणी आली, विहिरीवर मोटेऐवजी मोटार बसली.

पण याच काळात राज्यभर एक निर्णय झाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांना मीटरप्रमाणे बिल न देता अश्वशक्तीप्रमाणे ठरावीक रक्कम आकारायला सुरुवात झाली. पाच अश्वशक्तीची मोटार असेल तर इतके रुपये, मग ती तासभर चालवा की रात्रभर. शेतकऱ्याला हिशेब सोपा झाला, मंडळाचा रीडिंग घेण्याचा खर्च वाचला. दोघांच्या सोयीचाच निर्णय तो. त्यातून एक गोष्ट मात्र हरवली. वीज किती वापरली, हे कोणालाच नक्की कळेनासे झाले. मोटार चालू ठेवून माणूस घरी जाऊन निजू लागला. उसाला पाणी जास्त झाले तरी पदराला खार नव्हता. वीज कंपनीलाही गळती किती, चोरी किती आणि शेतीचा खरा वापर किती, हे अंदाजानेच सांगावे लागे. २००३ च्या वीज कायद्याने मीटरशिवाय वीजपुरवठा नको असे स्पष्ट सांगितले. तोवर पाव शतक उलटून गेले होते.

शेतीचा मोठा भार असलेल्या मुळा-प्रवरा संस्थेची थकबाकी वाढत गेली. ती कोणामुळे, घाऊक दर योग्य होता की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बरेच मुद्दे मांडले गेले आणि वाद न्यायालयांपर्यंत गेला. त्याचा निवाडा मी करणार नाही. फेब्रुवारी २०११ पासून त्या भागाचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला, एवढे नोंदवतो. चाळीसएक वर्षांच्या प्रयोगाचा हा शेवट पाहताना मला वाटते, की सहकार असो वा सरकार, ज्याचे माप नाही त्याची बचत कोणाकडूनच होत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. नगर शहरापासून जवळच असलेले हिवरे बाजार. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. या गावाने पाणी मोजायला घेतले. पाऊस किती पडला याची नोंद ठेवायची, विहिरींची पातळी पाहायची आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर पिके ठरवायची. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याचे पीक नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हाही नियम केला.

तुम्ही म्हणाल, हे पाण्याचे झाले, विजेचे काय? आपल्या भागात पाण्याची आणि विजेची बचत वेगळी करताच येत नाही. एक हजार लिटर पाणी १५ मीटर खोल विहिरीतून वर आणायला साध्या पंपाला साधारण एक दशांश युनिट वीज लागते. तेच पाणी १०० मीटरवरून आणायचे, तर अर्ध्या युनिटाहून जास्त. पंप, पाणी आणि माणूस तेच असूनही खर्च सहा-सात पट. विहिरीची पातळी वर राहिली की सगळ्या गावाचा वीजवापर कमी होतो, आणि त्यासाठी कोणाला बटण बंद करायची आठवण द्यावी लागत नाही.

आता घरात येऊ. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. २००५ नंतर ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन होते, त्या काळात मी मुलांना एक गृहपाठ देत असे. दर रविवारी घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि मागच्या रविवारचा त्यातून वजा करायचा. वीज नसताना हे कशाला, म्हणून पालक हसायचे. पण महिन्याभरात मुले घरी प्रश्न विचारू लागायची. पाहुणे आले त्या आठवड्यात सात युनिट का वाढले? थंडी सुरू झाल्यावर एकदम दहा का वाढले?

थंडीचे उत्तर न्हाणीघरात असे. पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धे युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दोन दिवस अखंड जळतो. घरातले चौघे हिटरच्या पाण्याने आंघोळ करत असतील, तर रोजची दोन युनिटे तिथेच गेली. आणि आपण रागावतो कोणावर, तर व्हरांड्यातला दिवा चालू ठेवणाऱ्या नातवावर! दिव्यांचा प्रश्न बराचसा सुटला आहे. २०१५ च्या उजाला योजनेनंतर स्वस्त एलईडी घरोघरी गेले. ६० वॅटच्या जुन्या बल्बला रोज पाच तासांनी महिन्याला ९ युनिटे लागत, एलईडीला दीडही लागत नाही. पंख्याचेही तसेच. ७५ वॅटचा जुना पंखा रोज दहा तास फिरला, तर महिन्याला साडेबावीस युनिटे. नव्या, तीस वॅटच्या पंख्याला नऊ. आणि गरम पाण्यासाठी ऊन आहेच. शिर्डीच्या साई संस्थानाने २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवून प्रसादालयाच्या स्वयंपाकासाठी वाफ तयार केली. आपल्याला तर फक्त आंघोळीचे पाणी तापवायचे आहे.

आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच जास्त, आणि पुढे आणखी. म्हणून ज्याचा वापर महिन्याला १२० युनिट आहे, त्याने वीस युनिट वाचवले, तर ते महागातले वीस युनिट वाचतात. पण आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे महिना संपल्यावर बिलातून कळून उपयोग नाही. ते महिन्याच्या मध्यावर मीटर पाहून कळायला हवे.

आता दोन नव्या योजना आल्या आहेत. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. शेतकऱ्याला दिलासा हवा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण बिल शून्य झाले म्हणून पाण्याची पातळी खाली जायची थांबत नाही. अश्वशक्तीच्या बिलाने पाव शतकात जे झाले, ते पुन्हा व्हायचे नसेल, तर विहिरीची पातळी मोजण्याचे काम आता गावानेच अंगावर घ्यायला हवे. दुसरी योजना २०२४ चीच, घरावरच्या सौर पॅनेलची. केंद्राचे अनुदान एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये आहे. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते. पॅनेल जरूर घ्या. पण आधी वर्षभराची बिले काढून वापर किती ते पाहा, जुने पंखे बदला, पाण्याचा हिटर कमी करा, आणि मग किती किलोवॅट लागतील ते ठरवा. नाहीतर चार जनावरे नसताना बांधलेल्या गोबरगॅससारखी गत व्हायची.

आणि चूल. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर आपल्या खेड्यांत सिलिंडर पोहोचले. तरी अनेक घरांत सिलिंडर चहापुरता, आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर असे चालते, कारण पुन्हा भरून आणायला रोख पैसे लागतात आणि सरपण अजूनही "फुकट" आहे. घरातला बचतीचा हिशेब लिहायला बसाल, तेव्हा वहीत एक रकाना त्यासाठीही आखा: आठवड्यात जळणासाठी किती तास गेले आणि कोणाचे गेले. तो रकाना घरातल्या पुरुषाने भरावा अशी माझी विनंती आहे.

येत्या रविवारी सकाळी चहा झाला की मीटरपाशी जा आणि आकडा लिहून ठेवा. त्यापुढच्या रविवारी पुन्हा लिहा. वजाबाकी घरातल्या लहान मुलाला करू द्या.