'तारेइतकी गुप्तता': एका नामाभिधानाचा इतिहास

बिनतारी संगणक-जाळ्यांच्या संरक्षणाचा आरंभीचा इतिहास हा पुष्कळ अंशी एका उपमेचा इतिहास आहे. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ साली ८०२.११ हे बिनतारी जाळ्यांचे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्यात संदेशरक्षणासाठी योजिलेल्या पद्धतीस 'वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी', म्हणजे 'तारेइतकी गुप्तता', असे नाव होते. संक्षेपाने तीच 'वेप' होय. तार सुरक्षित असते, हे या नावात गृहीत धरलेले आहे.

वस्तुतः तारेला स्वतःचे असे संरक्षण नव्हते; ते भिंतींचे व कुलपांचे होते. तारेपर्यंत पोहोचण्यास कार्यालयात शिरावे लागे. बिनतारी लहरी मात्र भिंतीपलीकडे जातात. त्यामुळे भिंतीचे कार्य सांकेतिक लेखनावर येऊन पडले, आणि ते तोकडे ठरले. वेपमध्ये प्रत्येक संदेशखंडाबरोबर बदलणारा आरंभांक अवघा २४ बिटांचा होता. त्याची १,६७,७७,२१६ रूपे वर्दळीच्या जाळ्यात काही तासांतच संपत व पुनरावृत्ती सुरू होई. शिवाय साऱ्या संस्थेची किल्ली बहुधा एकच असे. २००१ मध्ये बोरिसोव्ह, गोल्डबर्ग व वॅग्नर यांनी हे दोष उघड केले. त्याच वर्षी फ्लूरर, मॅन्टिन व शमीर यांनी, केवळ संदेश टिपून मूळ किल्ली हस्तगत करता येते, असे दाखविले.

दोष कळला, तथापि वापर थांबला नाही. २००४ मध्ये ८०२.११आय ही सुधारित पद्धती मान्य झाली. परंतु टीजेएक्स या अमेरिकन विक्रेता-कंपनीकडून सुमारे ४ कोटी ५७ लाख कार्डक्रमांक चोरीस गेल्याचे २००७ साली बाहेर आले, तेव्हा दुर्बळ सांकेतिक लेखनावर विसंबून राहिल्याचा व वेळेत बदल न केल्याचा ठपका कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी तिच्यावर ठेविला.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. नव्या व्यवस्थेत संस्थांसाठी जो ८०२.१एक्स हा नियम स्वीकारला गेला, तो २००१ साली मुळात तारयुक्त जाळ्यांकरिता सिद्ध झाला होता. जोडणाऱ्याची ओळख पटेपर्यंत त्याला जाळ्यात प्रवेश मिळू नये, हे त्याचे तत्त्व. ज्या तारेला उपमान मानिले, तिच्यावरही विश्वास टाकणे संस्थांना परवडेनासे झाले होते, याची ही कबुलीच म्हणावी लागेल. माध्यम कोणते, या प्रश्नाची जागा जोडणारा कोण, या प्रश्नाने घेतली.