दाखल करून घेणारे हात

चिटणीसबाईंनी यंदा मला गाठलेच. “स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, पण पाककृती नको, त्या पुष्कळ आल्या आहेत,” असे बजावून गेल्या. माझी मजल सातवीपर्यंतची. तेव्हा भगिनींनी भाषेकडे न पाहता मजकुराकडे पाहावे, एवढी विनंती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना रात्री इस्पितळात न्यावे लागले. तिथे तीन परिचारिका पुढे आल्या. एकीने नाव-वय लिहून घेतले, दुसरीने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तिसरीने बांगड्या उतरवून माझ्यासमोर मोजल्या व रुमालात बांधून माझ्या हाती दिल्या. पण “कोणत्या औषधाचा त्रास होतो का?” हे तिघींनीही विचारले. मला राग आला. एकमेकींना सांगायला यांना काय झाले, असे वाटले. दोनदा सासूबाई नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना आठवले, की पूर्वी एका इंजेक्शनाने त्यांचे तोंड सुजले होते. तिसरीने ते पहिलीला मोठ्याने सांगितले आणि पहिलीने कागदावर लाल शाईने लिहिले. माझा राग तिथेच विरला.

माणूस दारातून आत येतो त्या घटकेला कोणी काय करायचे, ही रीत कुठून आली असेल, असे मनात घोळत राहिले. म्हणून मंडळाच्या वाचनालयातून फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची हकीकत आणली. हाती दिवा घेतलेल्या एकट्या बाईचे चित्र आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. वाचल्यावर कळले, की त्या चित्रात पुष्कळ बायका राहून गेल्या आहेत.

१८५४ साली क्रिमियात इंग्रज, फ्रेंच व तुर्क एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला, असे युद्ध चालू होते. इंग्रजांचे जखमी शिपाई जहाजात घालून काळ्या समुद्रापलीकडे स्कुटारीला आणीत. हे गाव म्हणजे आजच्या इस्तंबूलमधले उस्कुदार. तिथे तुर्कांची एक अवाढव्य बराक इस्पितळ म्हणून दिलेली होती. जहाजातच कित्येक दगावत. जे उरत त्यांना धक्क्यावरून चढण चढवून वर न्यावे लागे. अंगावर रक्ताने व घाणीने कडक झालेले कपडे, त्यांत उवा, आणि बहुतेकांना हगवण. वर पोचल्यावर खाट नाही, चादर नाही, धड पाणीही नाही.

नाइटिंगेलबाई ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तिथे उतरल्या. बरोबर ३८ बायका होत्या. त्यांत १० रोमन कॅथलिक जोगिणी, १४ इंग्लंडच्या चर्चच्या संस्थांतल्या आणि १४ इस्पितळांत पगारावर काम केलेल्या. जोगिणींचा डोळा रोग्याच्या आत्म्यावर, पगारी बायकांना जोगिणींचा तोरा सोसेना, आणि एका पंथाची बाई दुसऱ्या पंथाच्या रोग्याला आपल्या धर्मात ओढील की काय, हा संशय सर्वांनाच. एकीने तर डोक्यावरच्या टोपीवरून तक्रार केली. ही टोपी आपल्या चेहऱ्याला शोभत नाही, आधी ठाऊक असते तर आलेच नसते, असे तिचे म्हणणे. मला हसू आले. आपल्याकडे गेल्या वर्षी एकसारख्या साड्यांच्या रंगावरून दोन बैठका मोडल्या, त्याची आठवण झाली.

त्यात डॉक्टरांना ह्या बायका नकोच होत्या. त्यांनी काम दिले नाही. नाइटिंगेलबाईंनीही डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकीलाही रोग्यांपाशी जाऊ दिले नाही. रोगी समोर तळमळत असता बसून राहायचे, म्हणून काही जणी त्यांच्यावर चिडल्या. पण त्या बसून नव्हत्या. उशा, सदरे आणि हात अडकवायच्या झोळ्या शिवीत होत्या.

५ नोव्हेंबरला इंकरमनची मोठी लढाई झाली. थोड्याच दिवसांत जहाजांमागून जहाजे येऊ लागली आणि डॉक्टरांचे हात तोकडे पडले. तेव्हा त्यांनी निरोप पाठवला. मग सगळ्या जणी जुंपल्या. काहींनी पोत्यांत पेंढा भरून गाद्या केल्या आणि खाटा नव्हत्या तिथे फरशीवर मांडल्या. काही जखमा धुऊन बांधीत. उचलणे-ठेवणे, हे काम बरेचसे शिपायांपैकीच नेमलेले पुरुष करीत. पुढे नाइटिंगेलबाईंनी एक घर भाड्याने घेऊन तिथे बंब बसवले व शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामाला लावले. पथ्याच्या रोग्यांसाठी निराळ्या चुली घातल्या. शिपायांचे हातपाय सर्वांदेखत कापीत. आता आपली पाळी, हे शेजारच्याला पाहावे लागू नये म्हणून बाईंनी मध्ये आडपडदा लावायला घेतला. इतक्या गर्दीत हे सुचणे मला फार मोठे वाटते.

भांडणे मिटली असे मात्र नाही. काही बायकांना परत पाठवावे लागले. डिसेंबरात चाळिसांहून अधिक बायकांची दुसरी तुकडी न विचारता येऊन थडकली, तेव्हा तर बाईंचा तोल गेला. त्यांनी अतिशय कडक पत्रे लिहिली.

आणि एक गोष्ट लपवू नये. एवढी सेवा होऊनही माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. बराकीखाली तुंबलेली गटारे होती आणि पाण्याच्या वाटेत मेलेली जनावरे. मार्चमध्ये विलायतेहून आरोग्याची समिती आली. तिने गटारे धुऊन काढली, पाणी शुद्ध केले, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. गटारे उपसणाऱ्या त्या मजुरांचे चित्र कुठल्या पुस्तकात नाही. नाइटिंगेलबाईंना स्वतःला हे पुरते उमगले ते युद्ध संपल्यावर, आकडे मांडून बसल्या तेव्हा. स्कुटारीत मेलेल्यांच्या नोंदवह्याही एकमेकींशी जुळत नव्हत्या. म्हणून १८६० साली लंडनला भरलेल्या आकडेतज्ज्ञांच्या परिषदेपुढे त्यांनी आपली योजना मांडली. दाखल किती झाले, बरे किती झाले, मेले किती, याची नोंद सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात ठेवावी, असे तिच्यात होते. त्याच साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची परिचारिकांची शाळा निघाली. पुढे हिंदुस्थानातल्या आरोग्याविषयीही त्या लिहीत राहिल्या. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. मात्र त्या इकडे कधी आल्या नाहीत.

त्या पहिल्या तुकडीत बर्मंडसीच्या मठातल्या मदर मेरी क्लेअर मूर होत्या. धर्माने दोघींची वाट निराळी, पण नाइटिंगेलबाईंनी सर्वांत जास्त भिस्त ठेवली ती यांच्यावर. १८५६ च्या एप्रिलात, प्रकृती ढासळल्यामुळे क्लेअरबाईंना परतावे लागले. त्यांना लिहिलेल्या पत्रात नाइटिंगेलबाईंनी कबूल केले, की मुख्य बाईच्या जागेला माझ्यापेक्षा तुम्हीच कितीतरी अधिक लायक होता.