भिंतीवरची कष्टाची माणसं

कुलाब्याच्या ससून डॉकवर दिवस अंधारातच सुरू होतो. होड्या धक्क्याला लागतात, पाट्या उतरतात, लिलावाचा गलका सुरू होतो. उजाडेपर्यंत बोंबील, पापलेट आणि सुरमई मुंबईभरच्या बाजारांच्या वाटेला लागलेली असतात. शेडमध्ये बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. वर्षानुवर्षे हे काम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. २०१७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मात्र याच धक्क्याच्या जुन्या गोदामांवर चित्रं उमटली आणि एरवी नाकाला रुमाल लावून जाणारं शहर ती बघायला रांगेने आत आलं. ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ या संस्थेने भरवलेल्या त्या उपक्रमात देश-विदेशांतले चित्रकार होते. कोळी स्त्री-पुरुषांचे मोठाले चेहरे तिथल्या भिंतींवर झळकले. २०२२च्या अखेरीस मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हलच्या निमित्ताने ही जागा पुन्हा रंगली.

खानदेशातल्या पिंपळनेरहून आलेला पाहुणा या भिंतींसमोर उभा राहिला, तर त्याला परकं वाटायचं कारण नाही. धक्क्याची आणि खानदेशाची ओळख जुनी आहे, आणि ती कापसाची आहे.

डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. १८३२मध्ये ते मुंबईत आले. अफू आणि कापूस या दोन व्यापारांवर त्यांच्या पेढीने अमाप पैसा मिळवला. त्यांचा मुलगा अल्बर्ट याने कुलाब्याला समुद्रात भराव घालून हा धक्का बांधला. १८७५मध्ये तो पुरा झाला. चारच वर्षांनी, १८७९मध्ये, तो सरकारने विकत घेतला. त्या काळी मुंबईचा कापूसबाजारही कुलाब्यालाच होता. आज ‘कॉटन ग्रीन’ म्हटलं की शिवडीजवळचं स्टेशन आठवतं, पण तो बाजार तिकडे गेला तो पुढे, विसाव्या शतकात.

या बाजारात उतरणाऱ्या गाठींत खानदेशचा वाटा मोठा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली आणि जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या, पण पेरा काही मागे हटला नाही. पिंपळनेरची पांझराही शेवटी तापीलाच मिळते. तिच्या खोऱ्यातला माणूस धक्क्यावरच्या चित्रांकडे बघताना भिंतीआडचा हा हिशेबही वाचू शकतो. गोदामं उभी राहिली ती दूरच्या शेतांतल्या घामावर, आणि ती शेतं आपली होती.

भिंत रंगवणंही खानदेशाला नवं नाही. मातीच्या भिंतीला दरसाल पोतेरं लागतं आणि सणावाराला पांढरी माती किंवा चुना. श्रावणात कानबाई बसवायची तर आधी घर झाडून-सारवून लख्ख करायचं, ही रीत अजून पाळली जाते. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे. लग्नघराच्या दाराशी गणपती, कलश, दोन बाजूंना भालदार-चोपदार आणि ठळक अक्षरांत वधूवरांची नावं. हे चित्र काढायला गावातलाच पेंटर येतो. आधी तो चुन्याचा हात मारतो. तो वाळला की निळीत भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून मधोमध टिचकी मारतो. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसतात. आधी पोकळ बाह्यरेषा, मग आतला रंग, शेवटी एका बाजूने सावली. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव. लग्न होऊन जातं, पोरंबाळं होतात, तरी दोन-तीन पावसाळे ती नावं भिंतीवर दिसत राहतात.

याच हातांनी सरकारचंही काम केलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण खेडोपाडीच्या भिंतींवर पोचला. एसटी स्टँडची, दवाखान्याची, शाळेची भिंत ही गावाची वाचनाची पाटीच होती. बियाण्यांच्या जाहिराती, लसीकरणाचे संदेश, निवडणुकीतली चिन्हं, सगळं एकाच चुन्यावर एकावर एक चढत गेलं. निवडणूक आयोगाने भिंतीवरच्या प्रचाराला आवर घातला तेव्हा पेंटरचा हंगाम आटला, आणि दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला तेव्हा उरलेलं कामही गेलं. फ्लेक्स एका रात्रीत छापून मिळतो. मात्र त्यावरची अक्षरं कुणाच्या हातची नसतात.

ससून डॉकचा उपक्रम उभा करणाऱ्यांत हनीफ कुरेशी हे एक होते. रस्त्यावरच्या पेंटरांच्या अक्षरांचे त्यांनी संगणकासाठी टंक करून घेतले, म्हणजे ती वळणं मरणार नाहीत. २०२४मध्ये ते गेले. भिंतीवरच्या मोठ्या चित्रांच्या चळवळीचं मूळ पाटी रंगवणाऱ्या कारागिरापर्यंत जातं, हे त्यांच्या कामावरून दिसतं.

कष्टकऱ्याचा चेहरा गर्दीच्या जागी मोठा करून लावायचा, ही कल्पनाही आपल्याच नदीकाठाने आधी पाहिली आहे. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला झालं. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले आणि बांबू, गवत अशा गावात मिळणाऱ्या साहित्यातून त्यांनी अधिवेशनाची नगरी सजवली. पुढचा टप्पा फेब्रुवारी १९३८चा, तापीकाठी आणखी खाली, सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनाचा. तिथल्या मंडपांसाठी नंदलालांनी स्वतः ऐंशीच्या वर चित्रफलक रंगवले. ढोल वाजवणारा, शिंपी, सुतार असे रोजच्या कामातले लोक त्यांवर होते. येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला, चित्रशाळेत कधी पाऊल न टाकता, स्वतःसारखा माणूस चित्रात दिसला.

पण कुठल्या भिंतीवर रंग चढवायचा, हा प्रश्न उरतोच. बर्लिनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. १३ ऑगस्ट १९६१च्या पहाटेपासून ते शहर दुभंगलं. मधल्या भिंतीच्या पश्चिमेकडच्या बाजूवर लोकांनी चित्रं आणि घोषणा रंगवल्या. पूर्वेकडची बाजू मात्र कोरी होती, कारण तिच्याजवळ जाणाऱ्यावर बंदुका रोखलेल्या होत्या. ९ नोव्हेंबर १९८९ला वाट मोकळी झाली आणि १९९०मध्ये २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी उरलेल्या सुमारे १३०० मीटर भिंतीची तीच कोरी बाजू रंगवली. आज ती ‘ईस्ट साइड गॅलरी’ म्हणून जपली जाते. उनापावसाने चित्रं गेली तेव्हा, २००९मध्ये, मूळ चित्रकारांना बोलावून ती पुन्हा काढून घेतली. त्या भिंतीला रंगाने काही अपाय झाला नाही. ती काँक्रीटची होती, माणसं अडवायला बांधलेली होती, आणि तिच्यावरचं चित्र हेच तिच्या पराभवाचं प्रमाण ठरलं.

साक्रीजवळचा भामेरचा किल्ला, धुळ्याजवळचं लळिंग किंवा बळसाण्याची मंदिरं यांना हा न्याय लागू होत नाही. तिथला घडीव दगड हेच चित्र आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला ओल बाहेर टाकायची असते. ऑइलपेंटचा थर तिची वाट बंद करतो, मग ओल आतच मुरते आणि पापुद्र्यासह दगडाची कातडीही सुटते. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तरीही किल्ल्यावर गेलेली मुलं खडूने, कोळशाने, खिळ्याने नावं कोरतात. ससून डॉकवरचा चित्रकार परवानगी घेऊन, तिथल्या लोकांत राहून, त्यांचा चेहरा भिंतीला देतो. गडावर नाव खरडणारा शेकडो वर्षांच्या भिंतीवर फक्त स्वतःला चिकटवतो. या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजता येत नाही.

रंगवण्याजोग्या भिंती खानदेशात भरपूर आहेत. बंद पडलेल्या जिनिंगच्या, बाजार समित्यांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या, पाटबंधारे खात्याच्या. विषयांचीही वाण नाही. पांझरेवरची फडपद्धत हाच केवढा मोठा विषय आहे! नदीवर ठिकठिकाणी बंधारे, त्यांतून निघालेले पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं हा ठराव, पाणी फिरवणारा पाटकरी आणि राखणीचा जागल्या. शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून शतकानुशतके पाणी वाटून घेतलं, त्याचा पाठ पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतो. कापूस वेचणाऱ्या बायका, जिनमधले हमाल, कोंडाईबारीचा घाट चढणारे गाडीवान यांचे चेहरेही अजून कुठल्या भिंतीची वाट पाहत आहेत.

पिंपळनेर हे इंग्रजी अमदानीत तालुक्याचं नाव होतं. आज तो तालुका साक्रीच्या नावाने चालतो. नाव गेलं तरी बाजार, नदी आणि माणसं तिथेच आहेत. गावच्या कारभाऱ्यांनी आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी पुढच्या उन्हाळ्यात एक लांब भिंत निवडावी, तिला चुन्याचा हात द्यावा आणि फडाची गोष्ट रंगवायला लग्नाच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरलाच बोलवावं. त्याला पूर्ण मजुरी द्यावी, आणि खाली कोपऱ्यात त्याचं नाव लिहायला जागा ठेवावी.