तीन देव की एक? पंडिता रमाबाईंनाही पडलेला प्रश्न

कुवेतमध्ये आपल्या मुलांच्या वर्गात केरळची, गोव्याची ख्रिस्ती मुलं असतात. मग घरी प्रश्न येतो, "आई, त्यांचे देव तीन का?" आपण "ब्रह्मा-विष्णू-महेशासारखं" म्हणून मोकळे होतो. पण ते तसं नाही.

इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत यावरच वाद झाला. एरियसचं म्हणणं, पुत्राला देवाने निर्माण केलं. परिषदेने ठरवलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो आणि पिता एकाच तत्त्वाचे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा : व्यक्ती तीन, देव मात्र एकच. मराठी ख्रिस्ती याला 'त्रैक्य' म्हणतात.

पचायला अवघड? पंडिता रमाबाईंनाही गेलं. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजला दोघींचा बाप्तिस्मा झाला. परका देश, आसरा मठातल्या सिस्टरांचा. तरीही सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की येशूवर श्रद्धा आहे, पण त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटत नाही. मनोरमेला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं, यावरूनही दोघींचे खटके उडाले. मिंधेपणापायी रमाबाई गप्प बसल्या नाहीत. आणि प्रश्न विचारले म्हणून श्रद्धाही सुटली नाही. पुढे केडगावला त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं.

म्हणून मुलांना आधी मित्राचा धर्म काय म्हणतो ते नीट सांगूया. पटणं-न पटणं नंतर. तुमच्या घरी काय उत्तर देता?