परीक्षेविना डॉक्टरेट

गणितात डॉक्टरेट मिळवायची तर प्रबंधाबरोबर मौखिक परीक्षाही द्यावी लागते. सोफिया कोवालेव्हस्काया (१८५०–१८९१) यांना ती न देताच पदवी मिळाली. ती कशी?

१८७० साली त्या बर्लिनला आल्या तेव्हा तिथल्या विद्यापीठात स्त्रियांना व्याख्यानांनाही बसता येत नसे. म्हणून कार्ल व्हायरश्ट्रास यांनी त्यांना चार वर्षे खासगीरीत्या शिकवले. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाकडे त्यांचे तीन निबंध गेले. त्यांचे विषय होते आंशिक अवकल समीकरणे, आबेलीय समाकल आणि शनीची कडी. विद्यापीठाने मौखिक परीक्षा माफ केली आणि त्यांच्या गैरहजेरीत डॉक्टरेट दिली. पहिल्या निबंधातले प्रमेय आजही कोशी-कोवालेव्हस्काया या नावाने शिकवले जाते.

रशियात मात्र ही पदवी पुरेना. विद्यापीठात शिकवायला तिथली मॅजिस्टर परीक्षा लागे आणि त्या परीक्षेला बसण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. अखेर १८८४ मध्ये त्या स्टॉकहोमला शिकवू लागल्या आणि १८८९ मध्ये तिथे कायम प्राध्यापक झाल्या.

पदवीच्या अटी विद्यार्थ्याची तयारी तपासण्यासाठी असतात. गटिंगेनने तयारी पाहून अट सोडली. रशियाने अट धरून ठेवली आणि एक गणिती गमावली.