परतीच्या लढतीचा जगज्जेता : बोत्विनिक आणि आत्मपरीक्षणाची सोव्हिएत परंपरा

बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांमध्ये मिखाईल बोत्विनिक (१९११–१९९५) यांची कारकीर्द एका अर्थी विलक्षण आहे. अलेक्झांडर अलेखिन यांच्या १९४६ मधील मृत्यूने रिकामे झालेले जगज्जेतेपद त्यांनी १९४८ मध्ये हेग आणि मॉस्को येथे झालेल्या पाच खेळाडूंच्या स्पर्धेत मिळवले आणि मधला सुमारे दोन वर्षांचा काळ वगळता १९६३ पर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. तथापि या अवधीत जगज्जेता म्हणून खेळलेली एकही लढत त्यांनी जिंकली नाही. १९५१ मध्ये ब्रॉन्स्टीन आणि १९५४ मध्ये स्मिस्लोव्ह यांच्याशी त्यांची १२–१२ अशी बरोबरी झाली आणि बरोबरीत पद जगज्जेत्याकडेच राहावे या नियमाने ते टिकले. १९५७ मध्ये स्मिस्लोव्ह यांनी आणि १९६० मध्ये अवघ्या तेवीस वर्षांच्या मिखाईल ताल यांनी त्यांना हरवले, परंतु दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत, म्हणजे पराभूत जगज्जेत्याला हक्काने मिळणाऱ्या दुसऱ्या संधीत, त्यांनी पद परत घेतले. त्यांचे खरे सामर्थ्य पराभवानंतरच्या वर्षात दिसते, आणि त्याचे मूळ स्वतःचा खेळ परक्याच्या नजरेने तपासण्याच्या शिस्तीत आहे.

व्यवसायाने विद्युत अभियंता असलेल्या बोत्विनिक यांनी ही शिस्त १९३९ मध्येच एका लेखात मांडली होती. स्पर्धेपूर्वी प्रतिस्पर्ध्याच्या डावांचा अभ्यास, डावाच्या सुरुवातीच्या चालींची तयारी, मोकळ्या हवेतील विश्रांती अशा बाबींबरोबरच स्वतःच्या डावांचे लेखी विश्लेषण करून ते प्रसिद्ध करावे, असा त्यांचा आग्रह होता. घरी बसून केलेल्या विश्लेषणात खेळाडू स्वतःच्या चालींचे नकळत समर्थन करतो. तेच छापून आले की जाणकार वाचक त्यातील चुका दाखवतात आणि आत्मवंचनेला आळा बसतो, असा त्यामागचा विचार होता.

सापडलेल्या दोषावर उपाय म्हणून सरावाचे डाव योजले जात. ज्याला वारंवार वेळ अपुरा पडतो, म्हणजे ठरलेल्या चाली पूर्ण होण्याआधी ज्याच्या घड्याळातील अवधी संपत येतो, त्याने निकालाची पर्वा न करता केवळ घड्याळावर लक्ष ठेवून काही डाव खेळावेत, असे बोत्विनिक सुचवत. धुराने स्वतःचे लक्ष विचलित होते हे ओळखून, सरावाच्या वेळी समोर बसलेल्या व्याचेस्लाव रागोझिन यांना ते मुद्दाम सिगारेट ओढायला लावत. तरीही जुना दोष समूळ गेला असे नाही : १९५८ च्या परतीच्या लढतीतील पंधराव्या डावात स्थिती अनुकूल असताना ते वेळ संपल्यामुळे हरले.

मात्र त्याच लढतीने पद्धतीचे फळही दाखवले. वर्षभराच्या तयारीनंतर बोत्विनिक काळ्या सोंगट्यांनी कारो-कान बचाव घेऊन उतरले. पांढऱ्याच्या राजापुढील प्याद्याच्या चालीला उत्तर देण्याच्या या भक्कम पद्धतीची स्मिस्लोव्ह यांना अपेक्षा नव्हती. पहिले तिन्ही डाव जिंकून मिळवलेली आघाडी बोत्विनिक यांनी शेवटपर्यंत राखली आणि लढत १२½–१०½ अशी जिंकली. ताल यांच्याविरुद्धचे निदान निराळे होते. खुल्या पटावर, सोंगट्यांच्या धुमश्चक्रीत, ताल यांची गणनशक्ती आपल्याहून सरस ठरते हे मान्य करून बोत्विनिक यांनी १९६१ मध्ये बंदिस्त रचना आणि वजिरांची अदलाबदल होऊन लवकर येणारा डावाचा अंतिम टप्पा यांवर भर दिला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना १३–८ असा निर्णायक विजय मिळवला.

या पद्धतीची मर्यादाही याच इतिहासात आहे. तिला पराभवानंतर अभ्यासाला अवधी आणि त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा गाठ, अशा दोन गोष्टी हव्या होत्या. जागतिक बुद्धिबळ महासंघाने परतीच्या लढतीचा हक्क काढून घेतल्यावर १९६३ मध्ये पेट्रोस्यान यांच्याकडून झालेला पराभव अखेरचा ठरला, आणि आव्हानवीरांच्या पुढील फेरीत खेळण्याचा मार्ग खुला असूनही बोत्विनिक त्या वाटेला गेले नाहीत.

त्यानंतर ही शिस्त त्यांच्या शाळेतून पुढे गेली. वर्षातून मोजक्या वेळा भरणाऱ्या तिच्या सत्रांत मुलांना स्वतःचे डाव इतरांसमोर मांडून त्यांची चिकित्सा ऐकावी लागे आणि मधल्या काळासाठी गृहपाठ मिळे. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तीन भावी जगज्जेते या शाळेत शिकले. त्यांपैकी कार्पोव्ह यांच्याबद्दल बोत्विनिक यांनी आरंभी प्रतिकूल मत दिले होते, आणि १९७५ मध्ये जगज्जेता होऊन कार्पोव्ह यांनी ते खोटे ठरवले. साक्षेपी गुरूचाही अंदाज असा चुकू शकतो, आणि १९३९ च्या लेखातील छापील विश्लेषणाचा आग्रह नेमका याच शक्यतेवर उभा होता.