आयर्लंडच्या सहलीत भेटलेला बंगाल

नोकरीनिमित्त येऊन डमडमला स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न नवा नाही. निवृत्तीनंतर आम्ही उभयता आयर्लंडची सहल करून आलो आणि हाच प्रश्न मला इथल्या ओळखीच्या वास्तूंना विचारावासा वाटू लागला.

डब्लिनहून आधी पश्चिमेला कॉनेमारा भागात गेलो. हिरवी कुरणे, दगडांचे गडगे, सतत भुरभुरणारा पाऊस. पावसाळ्यातले कोकणच जणू! डोंगरउतारांवर गवताखाली एकसारखे वरंबे दिसतात. ती बटाट्याची ओस पडलेली शेते. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. गरिबांचे तेच मुख्य अन्न. पुढच्या काही वर्षांत भूक आणि साथीने सुमारे दहा लाख माणसे गेली, निदान तेवढीच देशोधडीला लागली. त्याच काळात धान्य आणि गुरे इंग्लंडला जातच होती. बेटाची १८४१ ची लोकसंख्या ८० लाखांवर होती. आजही ती तिथवर पोहोचलेली नाही. १९४३ च्या आठवणी ऐकलेल्या बंगालवासीयांना याहून अधिक काय सांगावे?

दारिद्र्यापायी आयरिश तरुण कंपनीच्या फौजेत शिरत. १७८३ पासून १८५३ पर्यंत आपले डमडम हे बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे होते. कंपनीच्या गोऱ्या सैनिकांत आयरिश मोठ्या संख्येने होते.

पण त्या देशातून नुसते शिपाई आले नाहीत. दक्षिणेकडच्या वॉटरफर्ड बंदरात एडमंड राईस या व्यापाऱ्याने १८०२ साली गरीब मुलांसाठी शाळा काढली. त्यातून ख्रिश्चन ब्रदर्स हा संघ उभा राहिला. आपल्या डमडमची सेंट मेरीज शाळा याच संघाची. डब्लिनजवळच्या रथफार्नहॅमच्या लोरेटो मठातून मदर तेरेसा १९२८ च्या अखेरीस कलकत्त्याला निघाल्या. उत्तरेकडच्या डन्गॅनन गावात २८ ऑक्टोबर १८६७ रोजी मार्गारेट नोबल जन्मली, तीच आपली भगिनी निवेदिता. जानेवारी १८९८ मध्ये ती कलकत्त्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बागबाजारात तिची मुलींची शाळा सुरू झाली आणि १८९९ च्या प्लेगात तिने स्वतः रस्ते झाडले.

पोटासाठी परमुलखात जाणे कमीपणाचे नाही. पण ज्या मातीचे अन्न खाल्ले तिला काय दिले, हे इतिहास विचारतो. मराठी माणसाचे उत्तर सखाराम गणेश देऊस्करांनी देऊन ठेवले आहे. देवघरजवळ १८६९ साली मराठी घराण्यात जन्मलेल्या या पत्रकाराने 'देशेर कथा' (१९०४) हे पुस्तक बंगालीत लिहून परकी राजवटीने देश कसा नागवला, याचा हिशेब मांडला. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

पुढच्या वर्षी आपल्या मुलांची एक सहल बागबाजारला न्यावी आणि परत येताना त्यांना देऊस्करांची गोष्ट सांगावी, एवढीच कार्यकारिणीला विनंती.